तुरुंगात पाठवलेली म्हशीची खबर

भिजवलेल्या सरकीचा वास आला की मला गडमुडशिंगीचा आमचा गोठा आठवतो. थोरला भाऊ मारामारीच्या केसमध्ये तुरुंगात होता आणि आबांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, त्याचं नाव घेणंच सोडलं होतं. एकदा मी त्याला पत्र लिहीत असताना आबा दारातूनच म्हणाले, "तिथलं सायब पत्र वाचत्यात न्हवं?" "व्हय," मी म्हणाले. ते उंबऱ्यावरच टेकले. मग म्हणाले, "लिव, म्हस व्यालीया. पर कुणाला धार काढू देत न्हाय." तेवढं लिहून मी पत्र टाकलं. भावाचं उत्तर आलं, आबांना सांग, माझा जुना सदरा घालून धारेला बसा, म्हणजे ती लाथ मारायची नाही. आबांनी ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं आणि खुंटीवरचा सदरा अंगात चढवला. म्हशीनं त्यांची बाही हुंगली आणि पान्हा सोडला. मी रेडकाचं दावं धरून उभी होते, आणि आबा तिच्या कुशीला डोकं टेकून रडत होते. भाऊ सुटायच्या आधीच आबा गेले. तो अजून विचारतो, "आबा माझं नाव काढायचं का गं?" मी त्याला त्या सदऱ्याची आणि धारेची गोष्ट सांगते.