मोटर बंद पडते तेव्हा

हडपसरच्या ज्या मळ्यात मच्छिंद्रअण्णांचा जन्म गेला, त्यावर आता सोसायटी उभी होती; अण्णा तिथंच राहत. बुजवलेल्या विहिरीवर गाड्या लागत. तरी त्या विहिरीवरची मोटर अण्णांच्या कानात अखंड घुमायची. नातीची हाक त्यात बुडून जायची आणि पोर रुसून बसायची. शेवटी सून वैष्णवी त्यांना कोथरूडला, कानाच्या डॉक्टर सुनीतीबाईंकडे घेऊन गेली.

आमची मोटर वाजते, असं अण्णांनी सांगितलं.

"मग मेकॅनिककडे न्यायची," बाई मान वर न करता म्हणाल्या. "कोथरूडपर्यंत कशाला आलात?"

मग मात्र त्यांनी निवांत समजावलं. ऐकतो तो मेंदू. कान नुसता निरोप्या. निरोप कमी झाले की मेंदूला करमत नाही, तो पदरचा आवाज घालतो. यंत्र लावून बाहेरचं ऐकू येऊ लागलं, की आतल्यावरचं त्याचं लक्ष उडेल.

अण्णांना मळा आठवला. चालत्या मोटरीशेजारी मळेकरी गाढ झोपतो. ती थांबली की ताडकन उठतो. एका दुपारी अशीच ती थांबली होती. पाइपात अडकलेला पाला काढायला धाकटा भाऊ साईनाथ विहिरीत उतरला. उतरलेला माणूस "आलो वर" म्हणेपर्यंत वरच्यानं बटणाला हात लावायचा नाही, ही रीत. अण्णा बटणापाशी उभे राहिले. आवाज आलाच नाही. शेवाळावरून पाय घसरला असेल, असं लोक मागाहून म्हणाले.

यंत्र बसलं. नातीचं "आजोबा" लख्ख ऐकू आलं आणि अण्णांचे डोळे भरले. थोडे दिवस बरे गेले.

मग एका दुपारी कानातली मोटर थांबली.

अण्णा अनवाणीच खाली गेले. वॉचमन समर्थ टाकीचा पंप लावत होता. अण्णांनी त्याचं मनगट धरलं.

"थांब. माणूस आत हाय."

"अण्णा, इथं पार्किंग आहे नुसतं."

अण्णा फरशीपाशी वाकले. "साईनाथ, आलास का रं वर?"

यंत्रानं सगळं आणून दिलं: रिक्षाचा हॉर्न, कुणाचा मिक्सर, चिमण्या. तेवढं एक सोडून. वर गॅलरीतून नात हाका मारत होती, अगदी स्वच्छ.

अण्णांनी तिच्याकडे पाहिलं आणि यंत्र कानातून काढलं. तिचे ओठ हलत राहिले. सावकाश, खोलातून, मोटर घुमू लागली.

त्यांनी समर्थचं मनगट सोडलं.

"लाव आता."