मेनच्या आधी की मेननंतर

दुकानाला कॅमेरे लावायचं ठरलं तेव्हा मी आधीच दमलेली होते. सकाळचा स्वयंपाक, मग बुरहानपुरच्या शनवारा भागातलं आमचं साड्यांचं दुकान, दुपारी घरी येऊन सासऱ्यांचं जेवण आणि औषधं, चारला परत दुकान. त्यात आमच्या ह्यांनी जाहीर करून टाकलं, "कॅमेऱ्यांचं तू बघ, तुला त्यातलं समजतं." मला काय समजत होतं कपाळ. पण आमच्या घरात एकदा 'तुला समजतं' म्हटलं की ते काम गळ्यात पडलंच म्हणायचं, आणि हे मोकळे सुरतला माल बघायला.

कॅमेरे हवे होते कारण सासऱ्यांचे गुडघे गेले आणि ते गादीवर बसेनासे झाले. ते होते तोवर कॅमेऱ्याची गरजच नव्हती. गिऱ्हाईक पायरी चढलं की त्यांना कळायचं, घेणार आहे की नुसतं थान उलगडून बघणार आहे. ते घरी बसल्यावर दुकानात जुनं माणूस एकच उरलं, आमचे काका. नात्याचे नव्हेत, नोकरीतले. बहादरपुरहून रोज मोपेडवर यायचे. माझं लग्न व्हायच्या आधीपासून ते साड्यांच्या घड्या घालत होते आणि मला सूनबाई म्हणत होते. गिऱ्हाइकासमोर चाळीस साड्या उलगडल्या आणि एकही विकली गेली नाही तरी त्यांच्या तोंडावर सुरकुती हलायची नाही. माझ्या हलायच्या, आणि गिऱ्हाइकाला दिसायच्याही.

दुकानात आधीचे दोन कॅमेरे होते, पण ते नुसते टीव्हीवर दाखवायचे, साठवत काही नव्हते. आता साठवणारा डबा घ्यायचा होता, आणि ते दिवस असे होते की जुन्या तारेचे कॅमेरे अजून मेले नव्हते आणि नवे नेटवाले येऊन बसले होते. कॅमेरे बसवणारा माणूस पूर्वी राजघाटाकडे टीव्ही दुरुस्त करायचा. पन्नाशीचा, चष्मा कपाळावर. तो म्हणाला, "वहिनी, सीधी बात सांगतो. डीव्हीआर घेतला तर जुने चालतील, एनव्हीआर घेतला तर सगळे नवे घ्या. नाहीतर दोन्ही जोडणारा हायब्रिड घ्या. पण मग नंतर मला बोलू नका."

मी एक वही केली. चार कॅमेऱ्यांचा डबा की आठचा. हार्ड डिस्क एक टीबीची की दोन. कॉम्प्युटरची साधी डिस्क चालेल की रात्रंदिवस लिहिणारी वेगळी घ्यायची. हललं तरच रेकॉर्ड करायचं की सतत. मोबाईलवर बघायचं अ‍ॅप कोणतं आणि कॉम्प्युटरवर मागचं काढून बघायचं सॉफ्टवेअर कोणतं. एकात तारीख टाकली की लगेच चित्र यायचं पण अ‍ॅप सारखं बंद पडायचं, दुसऱ्याचं अ‍ॅप छान पण मागचं शोधायला अर्धा तास. ज्याला विचारावं तो वेगळं सांगायचा. भांड्याच्या दुकानवाले म्हणाले सतत रेकॉर्ड करा, औषधवाले म्हणाले डिस्क वर्षात मरेल. ह्यांचे सुरतहून फोन यायचे, "मोठी डिस्क घे," "छोटी पुरे," "थांब, मी आल्यावर बघू." उंटावरून शेळ्या हाकायला काय जातं. तीन आठवडे मी त्या वहीत डोकं घातलं. शेवटी हायब्रिड डबा, रात्रंदिवसवाली डिस्क, सतत रेकॉर्डिंग, पंधरा दिवस मागचं राहील असं ठरवलं. ह्यांना फोन करून सांगितलं, "चोवीस तास चालेल, पंधरा दिवस राहील." हे म्हणाले, "वा." त्या एका 'वा'साठी मी तीन आठवडे घालवले होते.

बसवायच्या दिवशी त्या माणसाने स्टुलावर उभं राहून विचारलं, "वहिनी, डब्याला लाइन कुठून देऊ? मेनच्या आधी की मेननंतर?"

आता इथे आमच्या दुकानाचा नियम सांगायला हवा. सासऱ्यांनी सांगून ठेवलं होतं की दुकानाला कुलूप लागायच्या आधी मेन स्विच खाली झालाच पाहिजे. कापडाचं दुकान, एक ठिणगी उडाली तर सत्यानाश. रात्रीही आणि दुपारी एक ते चार बंद असतं तेव्हाही. मेनच्या आधी एक साधा बल्बसुद्धा त्यांनी कधी लावू दिला नाही. हा नियम माझ्या इतका अंगवळणी पडला होता की मी विचारसुद्धा केला नाही. म्हटलं, "मेननंतरच द्या. आमच्याकडे आधी काही नसतं." तो म्हणाला, "मग एखादा छोटा यूपीएस तरी." मी म्हटलं, "पुरे झालं आता, किती वस्तू." खरंच पुरे झालं होतं. मला घरी जाऊन भाजी फोडणीला टाकायची होती.

गादीवरचा कॅमेरा देवाच्या तसबिरीच्या अगदी वर बसवला. काकांनी खालून बघितलं आणि म्हणाले, "बरं झालं सूनबाई. आता कुणावर आळ येणार नाही." ते खरंच खूश होते.

पुढे मी मोबाईलवर कधीमधी बघायची. दुपारी किंवा रात्री उघडलं तर 'ऑफलाइन' असं यायचं. मला वाटायचं, आपल्या बुरहानपुरचं नेट, त्याला कोण काय करणार. मागचं काढून बघायची वेळ कधी आलीच नाही. वहीसुद्धा कुठेतरी गेली.

मग बहादरपुरच्या एका मोठ्या केळीवाल्या घरात लग्न निघालं. त्यांच्याकडे आमचा माल जांगडावर जायचा, म्हणजे साड्या घरी न्यायच्या, बायकांनी बघायच्या, आवडतील त्या ठेवायच्या, बाकीच्या परत. कुठे सही नाही, चिठ्ठी नाही. आणि परत आलेला गठ्ठा ओळखीच्या माणसासमोर मोजायचा नाही, हाही सासऱ्यांचाच नियम. मोजला म्हणजे त्या घरावर संशय घेतला. सात भारी साड्या गेल्या होत्या. दोन दिवसांनी त्यांची थोरली सून दवाखान्यात जाता जाता गठ्ठा घेऊन आली, तेव्हा एक वाजून गेला होता. मी घरी होते. काकांनी मेन खाली केला होता, शटर अर्धं ओढलं होतं. बाई उन्हात उभी, म्हणून त्यांनी गठ्ठा घेतला, 'एकही पसंत पडली नाही' हा तिचा निरोप ऐकला, गठ्ठा आत गादीवर ठेवला आणि कुलूप लावलं.

चार वाजता मी आले, मेन वर केला. काकांनी गठ्ठा माझ्यासमोर सोडला आणि मोजला. सहा होत्या. मोरपंखी नव्हती. त्यांनी पुन्हा मोजला. मग त्यांनीच मला सांगितलं, "सूनबाई, एक कमी आहे." हे मी मुद्दाम लिहून ठेवते, कारण पुढे ते सगळे विसरले, मीही विसरले.

त्या घरी फोन केला. तिकडून गोड आवाजात सांगितलं, आम्ही सातच्या सात दिल्या, तुमच्या माणसाला विचारा. हे सुरतहून त्याच दिवशी आले होते, चहा पीत गादीवर बसले होते. म्हणाले, "एवढं काय त्यात, कॅमेऱ्यात बघू." काका म्हणाले, "बघा की. म्हणून तर लावलाय." 

मी सॉफ्टवेअर उघडलं, तारीख टाकली, वेळ टाकली. एक वाजून सात मिनिटांपर्यंत चित्र होतं. रिकामी गादी, पंखा, काकांचा खांदा. मग काळं. मग एकदम चार वाजता मी पदराने घाम पुसत उभी. ती बाई नाही, गठ्ठा नाही, काही नाही.

मीच आधी बोलले. "काका, नेमकं ह्याच वेळी कसं बंद झालं?"

काका स्क्रीनकडे बघत राहिले. म्हणाले, "मी मेन खाली केला होता."

हे म्हणाले, "मेन खाली केला तरी डबा चालूच असतो काका. चोवीस तासांचा आहे तो. त्याची पिन कुणी काढली तरच बंद होतो." आणि त्यांनी माझ्याकडे बघितलं. डबा मी निवडला होता ना. काकांनीही माझ्याकडे बघितलं.

मी मान हलवली. हो म्हणून.

मला तेव्हा खरंच तसं वाटत होतं, असं मी स्वतःला पुष्कळदा सांगितलं आहे. पण खरं सांगायचं तर मला काहीच वाटत नव्हतं. मी थकलेली होते आणि मला ते प्रकरण संपायला हवं होतं. काकांनी बंडीच्या खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढला, गादीच्या कडेला ठेवला, चपला घातल्या आणि गेले. हे म्हणाले, "खाई त्याला खवखवे." मी जुडगा उचलून गल्ल्यात टाकला.

चार दिवसांनी मी कॅमेरेवाल्याला बोलावलं. म्हटलं, मधलं पुसलेलं परत काढता येतं का बघा. त्याने चष्मा कपाळावरून खाली घेतला, पाच मिनिटं बघितलं आणि म्हणाला, "वहिनी, पुसलेलं नाही. इथे रेकॉर्डच झालेलं नाही. मेन खाली गेला की डबा बंद होणारच. मेननंतर लाइन द्या, तुम्हीच तर सांगितलं होतं."

मी म्हटलं, "चोवीस तास?"

"मेन चालू असेल तर चोवीस तास," तो म्हणाला. त्याला वाटलं मी त्याच्यावर चिडले आहे. तो आपली पिशवी आवरून निघून गेला.

त्या दुपारी मी घरी गेले नाही. सासऱ्यांना फोन करून सांगितलं, डब्यात पोळ्या आहेत, घ्या. शटर आतून ओढलं, मेन चालू ठेवला आणि डिस्कवर होते तेवढे सगळे दिवस काढून बघितले. साडी कमी भरली तेव्हा मी तेवढा एकच दिवस बघितला होता. बाकीचे उघडायला मला कुणी अडवलं नव्हतं, दोन मिनिटांचं काम होतं. सगळ्या दिवसांत तेच होतं. एक वाजला की काका उठायचे, गादीची चादर झटकायचे, पंखा बंद करायचे. मग देवासमोर येऊन उभे राहायचे आणि हात जोडायचे. कॅमेरा देवाच्या वर, त्यामुळे ते माझ्याकडेच बघून हात जोडताहेत असं दिसायचं. मग त्यांचा हात स्विचकडे जायचा आणि काळं व्हायचं. एकही दिवस चुकला नव्हता. रात्री आठलाही तेच. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, इथे तर चोर होता की नव्हता तेही आम्हाला माहीत नव्हतं, फाशी तेवढी देऊन टाकली होती.

शेवटी तो दिवसही होता. चार वाजून गेल्यानंतरचा, मेन चालू असलेला, म्हणून नीट रेकॉर्ड झालेला. आवाज नव्हता, माइक आपण घेतलाच नव्हता. हे हातात कप घेऊन बोलताहेत. काका त्यांच्याकडे बघतच नाहीयेत, माझ्याकडे बघताहेत. बराच वेळ. मला तेव्हा ते क्षणभर वाटलं होतं, घड्याळात ते नऊ सेकंद होते. मग माझी मान हलते.

दुसऱ्या दिवशी मी बहादरपुरला गेले. ह्यांना म्हटलं तुम्हीही चला, तर म्हणाले, "मी काय तोंड घेऊन जाऊ." म्हटलं, मग मी कोणतं घेऊन जाते आहे. एकटीच गेले. काका ओट्यावर बसून केळीच्या सोपटाच्या दोऱ्या वळत होते. काकूंनी पाणी दिलं आणि आत गेल्या. मी सगळं सांगितलं, लाइनचं, मेनचं, त्या माणसाने काय विचारलं होतं आणि मी काय उत्तर दिलं होतं. म्हटलं, "चूक माझी आहे काका. चला दुकानात."

ते दोरी वळत राहिले. म्हणाले, "ह्या गावात ते घर आणि आमचं घर एकाच रस्त्यावर आहे सूनबाई. त्यांच्या सुना विहिरीवर काय बोलतात ते तुमच्या काकू ऐकून येतात. आता मी दुकानात आलो काय न् नाही काय." मग विचारलं, "त्या डब्यात मी दिसतो का, मेन खाली करताना?"

"दिसता. रोज."

"हात जोडताना?"

"हो."

त्यांनी मान डोलावली. बरं वाटलं असावं, किंवा मला तसं वाटून घ्यायचं होतं. मी उठले तेव्हा ते ओट्याच्या कडेपर्यंत आले. हळू आवाजात, काकूंना ऐकू जाऊ नये असं, म्हणाले, "आणि त्या दिवशीचंही असेल ना? तुम्ही हो म्हणालात ते?"

"आहे."

"तेवढं पुसून टाका. सासरेबुवांनी बघितलं तर त्यांना वाईट वाटेल."

मोरपंखी साडीचं काय झालं ते आजपर्यंत कळलं नाही. काका दुकानात परत आले नाहीत. डब्याची लाइन मी मेनच्या आधी घेतली, सासऱ्यांना न सांगता. आता एक वाजता मेन मीच खाली करते. दिवे जातात, पंखा थांबतो, डब्यावरचा हिरवा ठिपका तेवढा चालू असतो. मी हात जोडत नाही. त्या दिवशीचं मी पुसलं नाही, पुसायची गरजच नव्हती. पंधरा दिवसांनी डब्याने त्याच्यावर दुसरं लिहिलं, आणि त्यासोबत काका हात जोडतात ते सगळे दिवसही गेले. ते तरी वेगळे काढून ठेवायला हवे होते. मी रोज उद्या काढू म्हणत होते.