गच्चीवरचा पांढरा शर्ट

ऐंशीच्या दशकात आम्ही अंबरनाथ पूर्वेला राहायचो. आमच्या बिल्डिंगमधल्या बायका कपडे वाळत घालण्याआधी ऊन नाही, कारखान्याचा धूर बघायच्या. धूर डोंगराकडे निघाला असला तर गच्ची मोकळी. आपल्याकडे वळला की पांढरे कपडे घरात, पंख्याखाली. मागच्या रंगाच्या कारखान्यातून बारीक भुकटी उडायची. कोरड्या कपड्यावरची झटकली की जायची. ओल्यावर पडली की गुलाबी ठिपका, तो कायमचा. शाळेत हवेचं प्रदूषण शिकायच्या कितीतरी आधी मला हे शास्त्र पाठ होतं.

पंचाईत अशी, की माझे बाबा त्याच कारखान्यात ऑफिसर होते.

"साहेबांच्या कानावर घाला. पोरांच्या छातीत जातं ते," आई म्हणायची.

"आमच्याकडून एक कण बाहेर जात नाही," बाबा पेपरात डोकं खुपसून सांगायचे. साहेबांपुढे त्यांची दातखीळ बसायची. मला भयंकर राग यायचा.

एकदा मुंबईहून मोठे साहेब येणार होते, बाबांचा सत्कार व्हायचा होता. सकाळी आईने त्यांचा नवा पांढरा शर्ट धुतला, धूर बघितला आणि घरातच दोरी बांधली. बाबांचा पारा चढला. "नुसतं खूळ आहे तुम्हा बायकांचं!" म्हणत ते स्वतः शर्ट गच्चीवर घालून आले. मी हसू दाबायला मोरीत पळाले.

दुपारी शर्टाला कॉलरपासून खिशापर्यंत गोवर आला होता. आईने निळा शर्ट पुढे केला. बाबा बराच वेळ ठिपके बघत राहिले. मग त्यांनी तोच अंगात घातला.

"अहो, नोकरी घालवाल!" आता आईच घाबरली. संध्याकाळपर्यंत तिचा जीव टांगणीला लागला होता.

बाबा हार घेऊनच परतले. हार घालताना साहेबांनी विचारलं होतं, "ये क्या, होली खेलके आये?"

"नहीं साब, घर की छत पे सूख रहा था. अपनाही माल है."

"एवढं बोलायला शर्ट लागला होय!" आई म्हणाली, पण तिचे डोळे भरले होते. मला तर बाबांना मिठी मारावीशी वाटली.

पुढे बाबांची ठरलेली बढती दुसऱ्यालाच मिळाली. त्याच आठवड्यात ते पेढे घेऊन घरी आले. आई बुचकळ्यात पडली. "कसले हो?"

"धुराड्याला भुकटी अडवायला गाळणीच्या नव्या पिशव्या बसल्या," बाबा म्हणाले.