खिडकीतली कुंभारीण आणि समोरचे सर

नवघरला आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये प्राणिशास्त्राचे एक निवृत्त प्राध्यापक राहतात. आमच्या खिडकीच्या ग्रिलवर कुंभारीण माशीने मातीचं घरटं बांधलं, तेव्हा बायकोने झाडू उचलला. सरांनी तिला अडवलं.

"वहिनी, आधी कुळ कळू दे, मग उपकुळ, मग प्रजाती. घाई करायची नाही."

तेव्हापासून ते रोज चहाच्या वेळी भिंग घेऊन येतात. शिकारी माशी पिल्लासाठी अळ्या डंख मारून साठवते आणि परजीवी माशी त्या आयत्या घरट्यात अंडं घालते, हे समजावताना त्यांची खारी चहात बुडत असते. आमच्या पेपरातलं शब्दकोडंही तेच सोडवतात. दुसरा कप कधी मागत नाहीत, रिकामा कप फक्त पुढे सरकवतात.

काल घरट्यातून कुंभारणीऐवजी एक हिरवीनिळी, चकचकीत माशी बाहेर पडली. सर भयंकर चिडले.

"परजीवी. दुसऱ्याच्या घरात शिरायचं आणि त्याचंच खायचं. काही लाज?"

"मग झालं ना सर आता तुमचं काम?" बायकोने शांतपणे विचारलं.

सरांनी कप पुढे सरकवला आणि भिंग पुसत आत बघितलं.

"वहिनी, किचनच्या एक्झॉस्टमागेही माती दिसतेय. उद्या बघतो."