शाल कुणाला, फूल कुणाला

आमच्या कॉलेजातल्या गुणगौरव समारंभाचं सूत्रसंचालन माझ्याच गळ्यात का पडलं, हे आता कुणाला आठवत नाही. मी शिकवते भूगोल. माझा आवाज मोठा आहे आणि ऐन कार्यक्रमात लाइट गेली तरी माइकवाचून तो मागच्या रांगेपर्यंत पोचतो, एवढी एकच पात्रता असावी. मला स्वतःला सत्कार या प्रकाराचा मनस्वी कंटाळा आहे. पाहुणे उशिरा येतात, आल्यावर उशीर झाल्याबद्दल लांबलचक बोलतात, आणि ज्या पोरांसाठी हे सगळं चाललंय ती पोरं बिचारी घामाने डबडबून कडेच्या खुर्च्यांवर बसून राहतात. तरी दरवर्षी मी इस्त्रीची साडी नेसते आणि 'सुस्वागतम्' म्हणते. पोटासाठी माणूस काय काय म्हणतो!

आमच्याकडे या समारंभाची एक रीत होती. कुणी लिहून ठेवलेली नव्हती, पण शिपायापासून संस्थेच्या माणसांपर्यंत सगळ्यांना पाठ होती. विद्यार्थ्याला प्रमाणपत्र आणि पुस्तक. पर्मनंट प्राध्यापकाला शाल आणि श्रीफळ. आणि तासिका तत्त्वावर, म्हणजे तासाच्या हिशेबाने शिकवणारा असेल तर त्याला गुलाबाचं एक फूल. तेसुद्धा त्याने काही केलं असेल आणि कुणाच्या लक्षात आलं असेल तर. शाल आणि फूल यांत काय अंतर आहे, हे शिरूरच्या बाजारपेठेत शाली विकणाऱ्या दुकानदारालाही माहीत होतं. 'बाई, औंदा पर्मनंट किती?' असंच तो विचारायचा.

त्या वर्षी आमच्या अर्थशास्त्राच्या सरांना पीएच.डी. मिळाली. सर बरीच वर्षं तासिका तत्त्वावर होते. दर जूनमध्ये नव्याने मुलाखत द्यायची, वर्ष संपलं की सुट्टी, आणि पुढच्या जूनपर्यंत आपण मास्तर आहोत की नाही हे स्वतःलाच ठाऊक नसायचं. दौंडकडच्या एका गावाहून न्हावऱ्यामार्गे मोटरसायकलवर ते यायचे. केसांत धूळ, खांद्याला बॅग. त्यांनी आठवडे बाजारांवर प्रबंध लिहिला होता. आठवडाभर आमच्याकडे शिकवायचं आणि रविवारी कुठल्या तरी गावच्या बाजारात मेथीच्या ढिगाशेजारी बसून बाया-माणसांशी बोलत राहायचं, असं त्यांनी वर्षानुवर्षं केलं. वर्गात त्यांचा एक शब्द वाया जात नसे. पोरं त्यांच्या तासाला दांडी मारत नसत, ही आमच्या कॉलेजात फार मोठी गोष्ट आहे. माझ्या तासाला मारतात.

मी प्राचार्यांकडे गेले आणि म्हटलं, "यंदा सरांना शाल द्यायची."

प्राचार्य वाईट माणूस नव्हते. भित्रे होते. प्रत्येक गोष्टीत त्यांना उद्याचं कोर्टाचं समन्स दिसायचं. ते म्हणाले, "मॅडम, शाल दिली की बाकीचे तासिकावाले मागतील. आणि उद्या ह्यांनी शालीचा फोटो दाखवून पर्मनंटचा दावा केला तर?"

"शालीवर कुणी पर्मनंट होत असतं तर मी शिरूरचं दुकान रिकामं केलं असतं," मी म्हटलं.

ते हसले नाहीत, पण विरघळले. एकच अट घातली. नाव पुकारताना हुद्दा पूर्ण वाचायचा: 'तासिका तत्त्वावरील सहायक प्राध्यापक.' मी हो म्हटलं. मला वाटलं, लढाई जिंकली.

सरांना ही बातमी सांगितली तर त्यांचा चेहराच पडला. स्टाफरूममध्ये आम्ही दोघंच होतो. ते म्हणाले, "मॅडम, नका. शाल बी नको आणि फूल बी नको. माझं नावच घेऊ नका."

मी चिडले. एवढं भांडून आणलेलं कुणी असं परत करतं? मग त्यांनी खाली बघत सांगितलं ते असं. त्यांचं घर मेंढपाळांचं. वडील उमेदीत मेंढरं घेऊन दिवाळीनंतर कोकणात उतरायचे आणि पावसाच्या तोंडाला परत यायचे. पोरगं शाळेत घालायचं म्हणून त्यांनी मेंढरं मोडली, थोडं रान होतं तिथं कांदा करायला लागले. मुलाला पहिल्यांदा कॉलेजात तास मिळाले तेव्हा वडिलांनी गावात पेढे वाटले आणि 'पोरगं पर्मनंट झालं' असं सांगून टाकलं. त्या पट्ट्यात रांजणगावच्या कंपन्यांतल्या कंत्राटी कामामुळे नोकरीबद्दल 'पर्मनंट का?' याशिवाय दुसरा प्रश्नच कुणी विचारत नाही. सरांनी त्या दिवशी खोडून काढलं नाही. पुढे खोडायला धीर झाला नाही. दर उन्हाळ्यात घरी बसले की 'कॉलेजला सुट्टी' म्हणायचं. आणि आता वडील, म्हणजे आबा, कार्यक्रमाला येणार होते.

"आबांना कळलं तर काय होईल?" मी विचारलं.

"काही होणार नाही," सर म्हणाले. "ते गावात मान वर करून हिंडणं सोडतील, एवढंच."

माझा राग कुठच्या कुठे गेला. मी त्यांना शब्द दिला की हुद्दा वाचणार नाही. नाव, विषय, पीएच.डी., संपलं. प्राचार्यांचं काय ते मी बघेन.

पण गाव म्हणजे गाव. सरांनी घरी फक्त 'छोटासा कार्यक्रम आहे' म्हटलं होतं. समारंभाच्या सकाळी कॉलेजच्या फाटकाशी दोन पिकअप येऊन थांबल्या. पिकअपमधून फेटेवाले म्हातारे उतरले, नऊवारीतल्या बाया उतरल्या, हलगीवाला उतरला, आणि सर्वांत शेवटी चार जणांनी धरून उतरवला तो फ्लेक्स. फाटकाच्या कमानीला तो बांधलासुद्धा, वॉचमनला चहा पाजून. त्यावर सरांचा फोटो मधे होता, पण भोवती गॉगल लावलेल्या चुलतभावांचे एवढे फोटो की सर त्यांच्या कार्यक्रमाला आलेले पाहुणे वाटत होते. आणि वर ठसठशीत अक्षरांत लिहिलेलं: 'पीएच.डी. मिळवून कॉलेजात पर्मनंट प्राध्यापक झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!'

त्यांच्या हिशेबात काही चूक नव्हती. पोरगं आधी पर्मनंट होतंच, आता एवढी मोठी परीक्षा पास झालं म्हणजे आणखी पर्मनंट झालं असणार.

प्राचार्यांनी गाडीतून तो फ्लेक्स वाचला आणि त्यांना घाम फुटला. केबिनमध्ये मला आणि सरांना बोलावून घेतलं. "हे खाली उतरवा. पाहुणे यायच्या आत. संस्थेच्या माणसांनी वाचलं तर माझी पेन्शन जाईल." सर बाहेर गेले. मी खिडकीतून बघत होते. ते कमानीखाली वडिलांपाशी जाऊन उभे राहिले. वडील किडकिडीत, उंच, डोक्याला लाल पागोटं. त्यांनी मुलाच्या पाठीवर हात ठेवला आणि फ्लेक्सकडे बोट करून काहीतरी दाखवलं, बहुधा फोटो कसा छान आलाय ते. सर तसेच परत आले. म्हणाले, "नाही सांगता आलं."

तेवढ्यात पाहुण्यांची गाडी फाटकातून आत आली. पाहुण्यांनी फ्लेक्स वाचला नाही. ते मोबाइल बघत होते.

कार्यक्रम सुरू झाला. आधी विद्यार्थी. कुस्तीतला एक, खो-खोच्या मुली, आणि मग कारेगावची एक मुलगी. वडील कंपनीत कामाला, खोली एवढीशी, आणि ही पोरगी अर्थशास्त्रात विद्यापीठात पहिली आलेली. तिला दोन शब्द बोलायला सांगितलं तर ती खरोखरच दोनच शब्द बोलली, "सरांमुळे आले." आणि खाली उतरताना सरांच्या पाया पडली. मागच्या पिकअपवाल्या बायांनी टाळ्यांचा कडकडाट केला. हलगीवाल्याचा हात शिवशिवायला लागला, त्याला कसंबसं आवरलं.

मग सरांचं नाव मी पुकारलं. नाव, विषय, पीएच.डी. आणि थांबले. शेजारी बसलेल्या प्राचार्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्याकडे पाहिलंच नाही. ते खाकरले. पुन्हा खाकरले. मग हळू आवाजात, पण पहिल्या रांगेला ऐकू जाईल असं म्हणाले, "मॅडम, हुद्दा." मी म्हटलं, "झालं की, सर." ते अर्धवट उठले. सभागृहात कुजबुज सुरू झाली.

सर व्यासपीठावर चढत होते. ते थांबले, माझ्याजवळ आले आणि माइक मागितला. नंतर मला म्हणाले, "माझं खोटं मी इतकी वर्षं वागवलं, ते तुमच्या डोक्यावर कशाला?" तेव्हा मात्र त्यांनी नुसता माइक घेतला. ते समोर बघून म्हणाले, "मी इथे तासिका तत्त्वावर शिकवतो. पर्मनंट नाही. कधीच नव्हतो. बाहेर फ्लेक्सवर लिहिलंय ते चुकीचं आहे, आणि ती चूक आबांची नाही, माझी आहे." त्यांचा आवाज 'आबांची' या शब्दावर फुटला.

मला रडू आलं आणि ते लपवायला मी कागद चाळायला लागले.

मागे सरांचे म्हातारे वडील उठून उभे राहिले. "पर्मनंट न्हाई म्हंजी? किती सालापासनं न्हाई?"

"सुरुवातीपासून, आबा."

"मंग शिकिवतोस काय हितं रोज?"

"शिकवतो."

म्हातारे पुढे चालत आले. बाया त्यांना धोतराला धरून मागे ओढत होत्या. ते व्यासपीठाच्या पायरीपाशी आले आणि मुलाशी नाही, प्राचार्यांशी बोलले. आवाज चढलेला नव्हता.

"सायेब, म्या जल्मभर दुसऱ्याच्या रानात मेंढरं बसवली. आज ह्याच्या रानात, उद्या त्याच्या. लेंडीखत पडायचं त्येंच्या रानात, पीक यायचं त्येंला. आमी पर्मनंट कुठंच नव्हतो, त्याचं मला काय न्हाई वाटत. पर ज्याच्या रानात बसायचो त्यो शेतकरी उठताना दाणं घालायचा, भाकरी खाऊ घालायचा, आन् सांगायचा, 'पुढल्या साली माझ्याच रानात या, दुसऱ्याला शबुद दिऊ नका.' त्या बोलीवर आमी कोकणातनं माघारी फिरायचो. तुमी माझ्या पोराला पुढल्या सालाचं सांगितलंय का?"

प्राचार्यांनी माइक ओढला. 'शासनस्तरावर' एवढा एक शब्द त्यांच्या तोंडून आला आणि पुढचे शब्द सापडेनात. पाहुणे शालीच्या घडीकडे बघत होते. मग प्राचार्यांनी माइक बाजूला सारला आणि म्हणाले, "नाही, आबा. सांगितलेलं नाही."

"मंग आज ह्यो सत्कार कशाचा?"

प्राचार्यांनी पाहुण्यांच्या हातातली शाल स्वतःच घेतली आणि सरांच्या खांद्यावर घातली. कुणी घोषणा केली नाही. टाळ्या पोरांनी सुरू केल्या, आणि त्या बराच वेळ थांबल्या नाहीत. म्हातारे मात्र टाळ्या न वाजवता परत मागे जाऊन बसले.

जाताना त्यांनी पुतण्यांना सांगून फ्लेक्स सोडवला, नीट घडी घालून पिकअपमध्ये टाकला. "कांद्यावर झाकाय व्हईल," म्हणाले. मुलाशी ते बोलताना मला दिसले नाहीत. सर त्यांच्या मागे मोटरसायकलवरून निघाले, शाल पाठीवरच्या बॅगेत कोंबून.

त्यानंतर मला रोज वाटायचं, आपण हे कशाला करून ठेवलं. म्हातारा घरात मूग गिळून बसला असेल, सर जूनमध्ये येणारच नाहीत. प्राचार्यांशीही मी नीट बोलत नव्हते. मग सुट्टीत, ऐन उन्हाळ्यात, प्राचार्य दौंडकडे सरांच्या गावी गेले. स्वतःची गाडी काढून, कुणालाही न सांगता; मला हे नंतर सरांकडून कळलं. मुलाखत, जाहिरात, संस्था यातलं काहीच त्यांच्या एकट्याच्या हातात नव्हतं. त्यांच्या हातात एकच गोष्ट होती. ओसरीवर बसून, म्हाताऱ्यांच्या समोर ते सरांना म्हणाले, "जूनमध्ये आमच्याकडेच या. दुसऱ्या कॉलेजला शब्द देऊ नका." मग भाकरी आणि कांदा खाऊन परत आले. एवढ्या भित्र्या माणसाला हे कसं जमलं, मला अजून कळलेलं नाही.

मुलाखत झालीच. सर आले, फाइल घेऊन रांगेत बसले, आणि त्यांना तास मिळाले. ते अजूनही पर्मनंट नाहीत. होतील असं आता मला वाटत नाही, आणि हे लिहितानाही माझा संताप होतो.

मागे सरांच्या घरच्या एका लग्नाला मी गेले होते. मांडवात कारेगावहून आलेल्या एका पाहुण्याने म्हाताऱ्यांना विचारलं, पोरगं पर्मनंट झालं का. मी जवळच बसले होते, माझा घास हातातच राहिला. म्हाताऱ्यांनी पागोटं सारखं केलं, मान वर केली आणि सगळ्या पंगतीला ऐकू जाईल असं म्हणाले,

"न्हाई. पर बोलावणं हाय."