निघताना सांगायचं

त्या हिवाळ्यात आमची पोस्टिंग उत्तरेकडच्या बर्फातल्या एका पोस्टवर होती. उंची एवढी की बुटाची लेस बांधली तरी धाप लागायची. एका फायबरच्या हटमध्ये आम्ही आठजण राहायचो. मध्ये ऊब द्यायला रॉकेलवर चालणारी शेगडी, म्हणजे बुखारी, भोवती स्लीपिंग बॅगा, कोपऱ्यात रेडिओ सेट. मी तेव्हा लान्स नायक होतो. लान्स नायक बालाजी कदम, गाव शिरूर अनंतपाळजवळचं. फौजेत जाईपर्यंत मी बर्फ पाहिला होता तो फक्त लातूरच्या रसवंतीत.

पोस्ट कमांडर होते हवालदार बिरादार, देगलूरकडचे. आठजणांत मराठवाड्याचे आम्ही दोघंच. त्यामुळे शिव्या खाण्याचा पहिला मान माझा असायचा आणि तो मी कधी सोडला नाही. आम्ही त्यांना उस्ताद म्हणायचो. देगलूर म्हणजे तेलंगणाचा शेजार, म्हणून त्यांच्या मराठीत तेलुगू शब्द सहज यायचे. "बरं" म्हणायचं असलं की ते "सरे" म्हणायचे. महिनाभरात सगळी पोस्ट "सरे" म्हणायला लागली. सातारचा, कोकणातला, कोल्हापूरचा, सगळेच.

दिवस ठरलेला असायचा. उजाडताना स्टँड-टू, म्हणजे सगळ्यांनी हत्यारं घेऊन सज्ज राहायचं, मग दारातला आणि छतावरचा बर्फ काढायचा, बर्फ वितळवून पाणी करायचं, आळीपाळीने ओपीवर पहारा. ओपी म्हणजे टेहळणीची जागा. ती हटपासून थोडी वर, एका खडकाच्या आडोशाला होती. तिथपर्यंत दोर बांधलेला होता आणि टेलिफोनची तार टाकलेली होती. सकाळ-संध्याकाळ कंपनीला रेडिओवर रिपोर्ट.

याशिवाय उस्तादांचा स्वतःचा एक नियम होता. तो कुठल्याही मॅन्युअलमध्ये नव्हता. हटमधून बाहेर पडणाऱ्याने मोठ्याने सांगायचं, कोण आणि कुठे. आत असलेल्यांपैकी एकाने ते परत म्हणायचं आणि "सरे" म्हणायचं. परत आलं की "आलो" म्हणायचं.

"पाटील, लॅट्रीन."

"पाटील, लॅट्रीन, सरे."

पहिल्या आठवड्यात मला याचं हसू यायचं. एकदा मी विचारलंच, "उस्ताद, लॅट्रीनला जायचं तरी सांगायचं?"

"तिथं तर आधी सांगायचं. तिथं बर्फाखाली मेलास तर तुझ्या गावात येऊन काय सांगू म्या?"

सांगणं सोपं होतं. उत्तर देणं अवघड. सुर्वे म्हणून कोकणातला एक जवान होता, पत्ते खेळता खेळता "हां हां, सरे" म्हणून मोकळा व्हायचा. उस्ताद लगेच पकडायचे.

"काय सरे? कोण गेला?"

सुर्वे इकडेतिकडे बघायचा.

"कुठं गेला त्यो? न्हाई ठाव? ऊठ. आज दिवसभराचं पाणी तू कर."

त्या उंचीवर एक पातेलंभर पाणी करायला केवढा बर्फ लागतो ते केल्याशिवाय कळत नाही. सुर्वे वैतागून बर्फ भरायचा आणि हळू आवाजात कोकणी शिव्या द्यायचा. उस्तादांना त्या कळायच्या नाहीत, म्हणून दोघांचं चांगलं जमलं.

३१ डिसेंबरच्या संध्याकाळी कुकने शिरा केला. कंपनीकडून डबाबंद अननस आला होता, तो त्यात घातला. बुखारीभोवती बसून आम्ही खात होतो आणि नव्या वर्षाचे संकल्प निघाले. सुर्वे म्हणाला, सिगारेट बंद. रेडिओ ऑपरेटर पाटील म्हणाला, रोज थोडं इंग्रजी शिकणार. मी म्हणालो, राग कमी करणार. यावर सगळे माझ्याकडे बघून एवढे हसले की मला तिथल्या तिथे राग आला.

"संक्रांतीला विचारतो तुमच्या संकल्पांची तब्येत," उस्ताद म्हणाले.

"तुमचं काय, उस्ताद?" सुर्वेने विचारलं.

त्यांनी ताटली खाली ठेवली. मग म्हणाले, "माझं लहानच हाय. घरी सुट्टीवर गेलो की बायको, सुनंदा, बाहेर निघताना सांगती. म्या सरे म्हणतो, पन पेपरातनं मान वर करत न्हाई. ती लई चिडती. इथं तुम्हाला पाणी भराया लावतो अन् घरी माझंच असं. औंदा मान वर करून सरे म्हणायचं. हितंबी अन् घरीबी."

"एवढंच?"

"एवढंच. जमलं तर लई झालं."

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी ते सुरू केलं. कुणी निघालं की हातातलं काम थांबवून बघायचे आणि मग सरे म्हणायचे. बूट पुसत असले तर ब्रश खाली ठेवायचे. आधी आम्हाला अवघडल्यासारखं झालं. मग नकळत आम्हीही तसंच करू लागलो. आठ माणसं महिनोन् महिने एका खोलीएवढ्या हटमध्ये राहिली की एकमेकांची तोंडं नकोशी होतात. त्या आठवड्यात तसं वाटलं नाही. आपण दाराबाहेर पडतो तेव्हा कुणीतरी आपल्याकडे बघतं, याचं बरं वाटायचं.

संक्रांतीच्या थोडं आधी सलग बर्फ पडला. मग एका सकाळी लख्ख ऊन आलं. नवख्याला असं ऊन बघून आनंद होतो. जुना जवान वरच्या उताराकडे बघतो, कारण ताजा बर्फ उन्हाने सुटतो. तिघेजण खालच्या पोस्टवर रेशन आणायला गेले होते. सुर्वे ओपीवर होता. हटमध्ये उस्ताद, पाटील, कुक आणि मी. बुखारीचं रॉकेल संपत आलं होतं. जरीकॅन हटपासून हाकेच्या अंतरावर, बर्फात खणलेल्या खड्ड्यात असायचे.

"कदम, रॉकेल. लगेच येतो."

उस्ताद दाढी करत होते. अर्ध्या तोंडाला फेस होता. रेझर थांबवून त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"कदम, रॉकेल, सरे."

मी खड्ड्यापाशी पोचलो, वाकलो आणि वरून आवाज आला. मोठा ट्रक उतारावर गिअर बदलतो तसा. पुढे काय झालं ते मला पाहता आलं नाही. मी आडवा झालो होतो आणि चारी बाजूंनी बर्फ आवळला गेला होता. डावा हात तोंडापुढे आला होता, तेवढीच श्वासाला जागा. वर कुठे, खाली कुठे, काही कळत नव्हतं.

अशा वेळी देव आठवतो, घर आठवतं म्हणतात. मला आठवला फेस लावलेला चेहरा. त्या माणसाला माहीत आहे मी कुठे आहे. हे मनात आलं आणि मी धडपड बंद केली. श्वास हळू घेतला. ते कुणाला माहीत नसतं तर मी घाबरून उरलेली हवा तिथेच संपवली असती, याबद्दल मला आजही शंका नाही.

नंतर पाटीलने सांगितलं. आवाज थांबताच उस्ताद फावडं आणि सळी घेऊन बाहेर पडले. पायवाट, खड्डा, सगळं सपाट झालं होतं. लॅट्रीनकडे बघावं की ओपीच्या वाटेला, असा प्रश्नच त्यांना पडला नाही. ते सरळ रॉकेलच्या जागेकडे गेले आणि सळी खुपसत सुटले. सळी माझ्या पाठीला लागली ते मला आठवतं. एवढी सुखाची टोचणी आयुष्यात दुसरी नाही.

मला बाहेर ओढलं तेव्हा त्यांच्या एका गालावर फेस गोठून पांढरा झाला होता.

"आलो म्हण," ते म्हणाले.

"आलो, उस्ताद."

मला हटमध्ये नेऊन स्लीपिंग बॅगेत घातलं. पाटील सेटवर बसला. "एक जवान दब गया था. निकाल लिया है. जिंदा है. ओव्हर." कुक माझे पाय चोळत होता. उस्तादांनी ओपीचा फोन फिरवला. उत्तर नाही. पुन्हा फिरवला. तार मेली होती. सुर्वे बोलत नव्हता.

रेशनला गेलेले परतायला वेळ होता. पाटीलला सेट सोडता येत नव्हता आणि कुकला मला. उस्तादांनी फावडं उचललं, दोर कमरेला अडकवला.

"बिरादार, ओपी. सुर्वेला घेऊन येतो."

पाटीलच्या कानांना हेडफोन होते. कुक पाठमोरा होता. माझे दात वाजत होते, जबडा आवरत नव्हता. मी कोपरावर जोर देऊन मान वर केली, त्यांच्याकडे बघितलं आणि म्हणालो, "बिरादार, ओपी, सरे."

ते दारात थांबले. "शाब्बास. असं," म्हणाले आणि गेले.

काही वेळाने दुसरा आवाज झाला. पहिल्यापेक्षा लहान.

सुर्वे त्यानंतर स्वतःच खाली आला. खडकाच्या आडोशामुळे त्याला धक्काही लागला नव्हता, फक्त तार तुटली होती. दारात येऊन म्हणाला, "आलो." मग आमच्याकडे बघून विचारलं, "उस्ताद कुठे?"

आम्हाला ठाऊक होतं कुठे. आम्ही ओपीच्या वाटेवरच खणलं. मला झोपून राहायला सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. रेशनवाले परतले, तेही लागले. उस्ताद आम्ही शोधत होतो तिथेच सापडले. जागा बरोबर होती. उशीर झाला होता.

"उस्ताद मिल गए. ओव्हर," पाटील सेटवर म्हणाला.

"हालत बताओ. ओव्हर."

पाटीलने स्विच दाबला आणि सोडून दिला. कंपनीने दोनदा विचारलं. मग त्याने सांगितलं.

आता मी रिटायर होऊन लातूरला राहतो. एका डाळ मिलमध्ये सिक्युरिटी बघतो. जानेवारी उजाडला की कुठल्या तरी कोचिंग क्लासचं बोलावणं येतं, कॅप्टन समजून. मी नायक होतो हे सांगितलं तरी हार तोच असतो. मुलं विचारतात, "सर, तुम्ही किती वाजता उठता?" त्यांना चार ऐकायचं असतं. मी सांगतो, जाग येईल तेव्हा. सर लोकांची तोंडं उतरतात.

मग मी त्यांना एक सवय सांगतो. घरातून निघताना कुठे चाललो ते सांगायचं. आणि दुसरं कुणी निघालं की हातातला मोबाईल खाली ठेवायचा, मान वर करायची आणि बघून उत्तर द्यायचं. मागच्या वर्षी एक मुलगी म्हणाली, "सर, एवढंच?" मी म्हणालो, एवढंच. जमलं तर लई झालं.

माझ्या घरात हे जमायला दोन वर्षं गेली. बायको आधी म्हणायची, "भाजी आणायला चालले तरी रिपोर्ट द्यायचा का?" आता मी पेपरात असलो तर तीच दारात उभी राहते, मान वर होईपर्यंत हलत नाही. मुलगी स्कूटीची किल्ली वाजवत "बाबा, क्लास" म्हणते. "क्लास, सरे," मी म्हणतो. राग मात्र माझा अजून आहे तेवढाच आहे. त्या संकल्पाची तब्येत विचारू नका.

दर एक जानेवारीला मी एसटीने देगलूरला जातो. सुनंदावहिनी शिवणकाम करतात. त्यांची मुलगी नर्सिंग शिकून हैदराबादला नोकरीला लागली. आम्ही जेवतो, इकडचं तिकडचं बोलतो. निघताना मी सांगतो, "वहिनी, निघालो. लातूर." त्या मशीन थांबवतात, सरे म्हणतात. लातूरच्या स्टँडवर उतरलो की मी फोन करतो, आलो म्हणून. आज मी जे काही आहे, माझं घर, माझी मुलगी, ते सगळं त्या घराचं देणं आहे, हे मला तिथे दरवेळी वाटतं आणि दरवेळी बोलायचं राहून जातं.

पहिल्यांदा गेलो होतो तेव्हा वहिनी अंगणात तांदूळ निवडत होत्या. मी त्यांना ३१ डिसेंबरच्या संध्याकाळचं सांगितलं, पेपराचं आणि मान वर करण्याचं. त्या हसल्या. "पेपर म्हंजे जीव की प्राण त्यांचा," म्हणाल्या आणि पदर डोळ्यांना लावला. मग पुन्हा सूप हातात घेतलं.

"भावजी, एक विचारू का?"

"विचारा, वहिनी."

"शेवटचं निघाले तवा सांगून निघाले का?"

"हाव. बिरादार, ओपी, म्हणाले."

"कुणी सरे म्हणलं का त्यास्नी?"

"मी म्हणालो, वहिनी. मान वर करून म्हणालो. त्यांनी बघितलं."

त्यांनी सूप खाली ठेवलं. मान वर केली, माझ्याकडे नीट बघितलं.

"सरे," म्हणाल्या आणि चहा टाकायला आत गेल्या.