घोंगडीचा चेंडू

कॉलेजात असताना मी बास्केटबॉलच्या संघाचा कप्तान होतो, असं सांगितलं की ऐकणारा आधी माझ्या तोंडाकडे बघतो, मग पायापर्यंत नजर फिरवून पुन्हा तोंडाकडे येतो. माझी उंची तेव्हा पाच फूट दोन इंच होती. आता थोडी कमीच भरेल. कप्तानपद मला मिळालं ते दोन कारणांनी. दुसऱ्या महायुद्धाच्या त्या दिवसांत धड कॅनव्हासचे बूट संघात एकट्या माझ्याकडे होते. आणि दर मार्चमध्ये कॉलेजच्या अंकासाठी ‘पुढील हंगामाची आशा’ असं एक पान कप्तानानं लिहायचं असे, ते लिहायची हौस दुसऱ्या कोणाला नव्हती.

त्या वर्षी आशा करण्यासारखं काही उरलं नव्हतं. कोल्हापूरकरांनी आम्हाला हरवलं, मिरजकरांनी हरवलं, आणि शेवटी इस्लामपूरच्या मिसरूड न फुटलेल्या शाळकरी पोरांनीही हरवलं. त्या सामन्यात चेंडूतलं हवेचं रबरी ब्लॅडर फुटलं तेव्हा आमच्यातल्या दोघांनी टाळ्या वाजवल्या, कारण त्यामुळे खेळ थांबला. रबर सगळं लढाईवर चाललेलं. नवं ब्लॅडर जूनच्या आत मिळणार नाही, असं पुण्याच्या दुकानदाराचं पत्र आलं.

मी पान लिहिलं. प्रत्येक गड्यावर एक वाक्य आणि प्रत्येक वाक्यात एक चिमटा. ‘यांच्या हातात चेंडू आला की दोघेही घाबरतात,’ असलं काहीतरी. लोकांना हसवण्यापुढे मला तेव्हा काही दिसत नसे. आमचे खेळाचे सर फार कमी बोलत. त्यांनी पान वाचून परत दिलं.

“यात आशा कुठं आहे?”

“एखादा उंच माणूस मिळाला तर आहे, सर.”

“मग सुट्टीत शोध. नाहीतरी तुला उद्योग काय?”

झालं. सहा फुटांवर तांबड्या रंगाची खूण केलेला एक बांबू घेऊन एप्रिलच्या उन्हात मी सातारा रोड स्टेशनावर उतरलो. उंच माणसं सातारा जिल्ह्यात पिकतात, एवढं माझं ज्ञान होतं. पलटणींचंही ज्ञान तेवढंच होतं, आणि त्यांचे भरतीवाले असाच खुणेचा बांबू घेऊन त्याच गावांतून हिंडत होते, हे मात्र माझ्या डोक्यात आलं नाही. ज्या गावात शिरावं तिथं बायका पोरांना आत ओढत. पारावर बसलेली दांडगी पोरं माझी काठी दिसली की गुडघ्यात वाकत, मान खांद्यात घालत. अख्खी गावंच्या गावं मला पाहून कुबडी होत होती. तीन दिवसांत मला पाच फूट चारच्या वरचा एक माणूस दिसला नाही.

चौथ्या गावात एक जण ताठ उभा होता. वाकायची त्याची फार इच्छा असावी, पण शेजारी बाप होता. बाप पेन्शनीत निघालेला हवालदार, अंगात खाकी कोट, तोही बटणं लावून, त्या उन्हात.

“सरळ हुबा ऱ्हा!” बाप ओरडला. “सायेब मापाय आल्यात.”

मी बांबू लावला. तांबडी खूण पोराच्या भुवईखाली राहिली. मला गहिवरून आलं.

“मी भरतीचा नाही,” मी म्हणालो. “सांगलीच्या कॉलेजातून आलोय. बास्केटबॉलच्या संघाचा कप्तान आहे.”

हवालदारानं मला टोपीपासून बुटापर्यंत पाहिलं. “कप्तान?” तो म्हणाला. मग टाचा जुळवून त्यानं मला कडक सलाम ठोकला. पारावरची सगळी कुबडी पोरं हसली आणि हसता हसता सरळ झाली. तेव्हापासून शेवटपर्यंत तो मला कप्तानसायेबच म्हणत आला.

पोरगा मॅट्रिक झाला होता. त्याला पुढं शिकायचं होतं, त्याच्या आईलाही तेच हवं होतं, आणि बापाला तो पलटणीत हवा होता. संघात निवड झालेल्याला वसतिगृहात खोली मिळते, हे मी सांगितल्यावर आई दाराआडून म्हणाली, “आवं, जाऊ द्या की त्येला. एकलाच हाय.”

हवालदारानं विचार केला. “पंदरा जूनला साताऱ्यात भरतीचा सायेब यायचा हाय. त्येच्या आत ह्येला निवडला तर शिकू द्या. न्हाई निवडला तर मी ह्येला हितनं तसाच साताऱ्याला न्हेणार. कबूल?”

“कबूल,” मी म्हणालो. शब्द द्यायला मला कधीच वेळ लागत नसे.

मे महिन्यात तो सांगलीला आला. सुट्टीतल्या रिकाम्या वसतिगृहात सरांनी त्याला एक कोपरा दिला. सामान म्हणजे एक वळकटी, तीत आईनं दिलेली काळी घोंगडी. सरावाला येणाऱ्या गावातल्या पोरांनी पहिल्याच दिवशी त्याचं नाव ‘शिडी’ ठेवलं. चिंचा काढायला शिडी, कौल सरकवायला शिडी, छपरावर गेलेली कुणाची टोपी काढायला शिडी. हे नाव मीच ठेवलं होतं, आणि आणखी दोघं ते आपण ठेवल्याचं सांगत फिरत, याचा मला राग येई.

चेंडूचं नुसतं कातडं होतं. त्यात भरायला चिंध्या मिळेनात, कापडच मिळत नव्हतं तर चिंध्या कुठल्या! मी सहज म्हणालो, “लोकरीचं काही असतं तर बरं झालं असतं.” दुसऱ्या दिवशी सकाळी शिडी अर्धी घोंगडी घेऊन हजर. विळ्यानं मधोमध कापलेली.

“अर्धी पुरंल मला,” तो म्हणाला. “उन्हाळाच हाय.”

आम्ही ती त्याच्यादेखत कातरून कातड्यात कोंबली आणि चांभाराकडून शिवून घेतली.

तर हा चेंडू उडत नसे. टाकला की धप्पदिशी बसे, जेवण झालेल्या म्हशीसारखा. बास्केटबॉलमध्ये चेंडू हातात घेऊन धावता येत नाही. जमिनीवर टप्पे पाडत न्यावा लागतो. आता टप्पे पाडायचे कसे? मग आम्ही जुन्या गड्यांनी एक पद्धत काढली. चेंडू काखेत धरायचा, आणि जिथं टप्पा पडला असता तिथं तोंडानं ‘टप’ म्हणायचं. टप, टप, टप, आणि मग कड्यात टाकायचा. आम्हाला खरा खेळ ठाऊक होता, म्हणून ते चालून जाई. शिडीनं खरा खेळ कधी पाहिलाच नव्हता.

“ह्ये टप कशापायी?” त्यानं एकदा विचारलं.

“नियम आहे,” मी म्हणालो. नियमांचं पुस्तक इंग्रजीत होतं आणि माझ्या खिशात होतं. “पंचाला ऐकू गेलं पाहिजे. ऐकू नाही गेलं तर शिट्टी.”

बाकीच्यांनी तोंडं फिरवली, हसू दाबायला. दुसऱ्या दिवसापासून शिडीचं ‘टप’ नदीच्या घाटापर्यंत ऐकू जाऊ लागलं. पोरं मुद्दाम त्याच्याकडे चेंडू टाकीत आणि कुंपणाला धरून लोळत. पण एक सांगायला हवं. कड्याखाली तो उभा राहिला की त्याचा हात चुकत नसे. त्या दगडासारख्या चेंडूनं तो वीस-वीस वेळा टाकी आणि वीसही कड्यातून जात. सर लांबून बघून गेले आणि मला म्हणाले, “आशा लिहून ठेव.” अंक अजून छापायला गेला नव्हता; मी माझ्या पानावर शेवटी एक ओळ वाढवली: ‘यंदा आम्ही एक शिडी मिळवली आहे; चढण्याचं धैर्य मिळाल्यास पाहू.’

नवं ब्लॅडर आलं ते निवडीच्या सामन्याच्याच सकाळी, जूनच्या बारा-तेरा तारखेला. दुसऱ्या कातड्यात घालून सायकलवाल्याकडून हवा भरून आणली. मी चेंडू व्हरांड्यात एकदा आपटला. तो छातीपर्यंत उसळला. शिडी दारात उभा होता. त्यानं चेंडू हातात घेतला, दाबला, खाली सोडला, पुन्हा धरला.

“ह्यो तर उडतोय,” तो म्हणाला. “मग आता टप म्हनायचं का न्हाई?”

त्या वेळी माझ्याजवळ अख्खी सकाळ होती. अर्ध्या तासात मी त्याला टप्पे पाडायला शिकवू शकलो असतो, निदान चेंडू घेऊन धावू नकोस एवढं तरी. पण माझ्या डोळ्यांपुढे मैदान उभं राहिलं, कडेनं बसलेली सगळी पोरं, आणि मधून ‘टप टप’ करत धावणारा सहा फुटी गडी. एकदाच, मी मनाशी म्हटलं. एकदा होऊ दे, मग सांगू.

“म्हणायचं,” मी म्हणालो. “नेहमीपेक्षा मोठ्यानं.”

हवालदार सामन्याला आला होता. कोटाची बटणं लावून, सरांच्या खुर्चीशेजारी उभा. बस म्हटलं तरी बसला नाही.

सुरुवातीलाच चेंडू शिडीकडे आला. त्यानं तो काखेत मारला आणि ‘टप! टप! टप!’ करत मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत धावला. सगळे गडी जागच्या जागी थांबून बघत राहिले. पंचाच्या शिट्टीचा आवाज हसण्यात बुडाला. त्यानं चेंडू कड्यात टाकलाही, बिनचूक, आणि हसत आमच्याकडे वळला. पंचानं चेंडू काढून घेतला तेव्हा त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी पोट धरून खाली बसलो होतो.

शिट्टी झाली म्हणजे आवाज कमी पडला, एवढंच त्याला मी शिकवलेलं. म्हणून दुसऱ्या वेळी तो आणखी मोठ्यानं ओरडला. तिसऱ्या वेळी त्याचा गळा फाटला. एकदा म्हणून ठरवलेलं मी तीनदा पाहिलं, आणि खरं सांगायचं तर तिसऱ्यांदा मला पहिल्यापेक्षा जास्त हसू आलं. सरांनी हात वर करून त्याला बाहेर काढलं.

खेळ संपल्यावर सरांनी मला बोलावलं. हवालदार तिथंच होता. शिडी चार पावलांवर, मान खाली घालून.

“महिनाभर तू याला शिकवत होतास,” सर म्हणाले. “चेंडू घेऊन धावायचं नाही, एवढं साधंही याला कसं ठाऊक नाही?”

आता फक्त सांगायचं होतं, की सर, ही माझी थट्टा. सरांनी त्याला दुसऱ्या दिवशी पुन्हा उतरवलं असतं, इतके ते सरळ होते. माझं कप्तानपद मात्र गेलं असतं. पाच फूट दोन इंचांच्या माणसाला ते पुन्हा कोण देणार?

“शिकवलं, सर,” मी म्हणालो. “त्याला जरा वेळ लागतो.”

सरांनी कागदावरच्या त्याच्या नावावर रेघ मारली. हवालदारानं टाचा जुळवल्या. “पाय बरूबर पडत्यात पोराचं,” तो म्हणाला. “परेडीला चालंल.”

शिडी वळकटी आणायलासुद्धा गेला नाही. माझ्याजवळून जाताना थांबला आणि हळूच म्हणाला, “मी सकाळी इचारलं व्हतं तुमास्नी.” आवाज बसला होता, त्यामुळे ते मला एकट्यालाच ऐकू आलं.

गणपतीच्या सुमारास छावणीतून त्याचं कार्ड आलं. तक्रार एका शब्दाची नाही. छावणीत बास्केटबॉलचं मैदान आहे, साहेबानं सगळ्यांना उभं करून कोणाला खेळता येतं असं विचारलं, आपण हात वर केला नाही, असं लिहिलं होतं. आणि खाली: माझी अर्धी घोंगडी खोलीवर राहिली आहे, अर्धी चेंडूत आहे, दोन्ही आईकडे पोचत्या कराव्यात.

त्या कार्डाला मी चार उत्तरं लिहिली. चारही फाडली. प्रत्येकात कुठं ना कुठं एक विनोद येऊन बसला होता. शेवटी दिवाळीच्या सुट्टीत अर्धी घोंगडी आणि चेंडू एका पिशवीत घालून मी त्या गावात गेलो. या वेळी काठी नव्हती आणि कोणी वाकलं नाही.

हवालदारानं अंगणात बाज टाकली. “या, कप्तानसायेब.”

मी म्हटलं, मला एक कबूल करायचं आहे, त्या दिवशी…

“ठावं हाय. पोरानं गाडीतच समदं सांगितलं.”

“मग तुम्ही सरांना का नाही सांगितलंत?”

“कशापायी?” त्याला खरोखर नवल वाटलं. “मला त्यो फौजेतच पायजे व्हता. तुमी माझंच काम केलंसा की.” आणि त्यानं मला चहा पुढं केला. यजमान म्हणून त्याच्या वागण्यात काही उणं नव्हतं.

आई दारातून बाहेर आली. तिनं घोंगडी घेतली, मग चेंडू घेतला, वजन पाहिलं.

“ह्यो घिऊन कसा पळायचा त्यो?” तिनं विचारलं. “दावा की मला.”

मी हवालदाराकडे पाहिलं. तो चहा पीत होता. कुंपणापाशी आठ-दहा माणसं जमली होती, पारावरची ती पोरंही होती, त्यांतली उंच दोन-तीन आता दिसत नव्हती.

मी चेंडू काखेत घेतला आणि अंगणाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाकडे निघालो.

“काय तरी म्हनायचा म्हनं,” आई म्हणाली.

“टप,” मी म्हणालो.

“मोठ्यानं म्हना. मला ऐकाय येत न्हाई.”

मी मोठ्यानं म्हणालो. टप, टप, टप, गोठ्यापर्यंत आणि तिथून परत. माझ्या आयुष्यात मी पुष्कळ लोकांना हसवलंय, त्यासाठी नको ते केलंय. त्या अंगणात एकही माणूस हसला नाही.

तिनं चेंडू माझ्याकडून घेतला, उंबऱ्यावर बसली आणि विळ्याच्या टोकानं एकेक टाका उसवला. आतले लोकरीचे तुकडे काढून ओच्यात घेतले, झटकले. कातडं पालथं करून बघितलं, एखादा तुकडा राहिला नाही ना. मग ते चारपदरी घडी घालून माझ्या हातात दिलं.

“ह्ये तुमचं,” ती म्हणाली.